साबणाने हळद लाल का होते?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक निरोप फिरत होता: हळदीवर साबणाचं पाणी टाका, लाल झाली तर भेसळ समजा. एका काकूंनी तर डबाभर चांगली हळद टाकून दिली. मला फार हळहळ वाटली. साबणाने लाल होणं हा शुद्ध हळदीचा स्वभावच आहे. वरणाचा डाग धुताना तो लाल होतो हे घरोघरी दिसतं, आणि पारंपरिक कुंकू तरी दुसरं काय? हळदीला चुना लागला की ती लाल होते.

रविवारी माझी पाच वर्षांची भाची आली होती. अर्धी वाटी पातळ सॅनिटायझरमध्ये दोन चमचे हळद कालवली. हे काम मोठ्यांनीच करायचं, आणि गॅसपासून लांब. पाणी चालत नाही, कारण हळदीचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये मात्र छान विरघळतो. त्यात जाड ड्रॉइंग पेपर बुडवून वाळवला. मग भाचीने काडीला कापूस गुंडाळला, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि सूर्य काढायला घेतला. पहिली रेघ उमटली तशी ती ओरडलीच, "मावशी, पाण्याने लाल झालं!" सोड्याने विटकरी छटा येते, अंगाच्या साबणाने आणखी गडद. नंतर तिने सूर्याच्या एका किरणावर लिंबू पिळलं, आणि तो पुन्हा पिवळा झाला.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कर्क्युमिनचा रेणू लांबट असतो. दोन टोकांना सहा-सहा कार्बनची कडी, आणि मध्ये एकेरी-दुहेरी बंधांची आलटूनपालटून साखळी. अशा साखळीतले इलेक्ट्रॉन एका अणूला चिकटून राहत नाहीत, लांबवर पसरतात. ते प्रकाशातला जांभळा-निळा भाग शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. साबण, सोडा, चुना हे अल्कधर्मी. ते या रेणूतल्या ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन काढून नेतात, पण त्याचा इलेक्ट्रॉन मागेच राहतो. रेणूवर ऋण प्रभार येतो, इलेक्ट्रॉन आणखी सैलपणे पसरतात आणि त्यांना उडी मारायला कमी ऊर्जा पुरते. तंबोऱ्याची तार सैल केली की सूर उतरतो, तसंच हे. शोषला जाणारा रंग निळ्याकडून हिरव्याकडे उतरतो आणि डोळ्यांपर्यंत लाल पोचतो. लिंबातलं आम्ल तो हायड्रोजन परत देतं. शाळेतल्या लिटमससारखीच हळदही दर्शक आहे. सामू (pH), म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असताना ती रंग बदलते.

याच रसायनावर कितीतरी बुवांनी पोट भरलं आहे. हळदीच्या पाण्यात गुपचूप चुन्याची निवळी टाकायची, पाणी रक्तासारखं लाल झालं की करणी झाली म्हणायचं आणि घाबरलेल्या बाईकडून पैसे उकळायचे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे 'चमत्कार' लोकांसमोर करून दाखवतात आणि त्यामागचं कारणही सांगतात. ज्या मुलीने आपल्या हाताने लाल सूर्य काढला, तिला अशी भीती घालणं अवघड आहे.

भेसळीचंही सांगते. हळदीत घालायला बंदी असलेला मेटॅनिल यलो हा रंग गुलाबी होतो तो तीव्र आम्लाने, साबणाने नव्हे. ती आम्लं घरात नकोतच. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद न ढवळता सोडा: चांगली हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

भाचीचा दुसरा कोरा पिवळा कागद आम्ही अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत उन्हाला ठेवला आहे. कर्क्युमिन प्रकाशात तुटतं, म्हणूनच धुतलेल्या शर्टावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. ती रोज फोन करून विचारते, "पुठ्ठा काढू का आता?"