धर्मसंस्थामुक्त अध्यात्म

धर्मपीठ, पुरोहितवर्ग, ठरीव धर्ममते आणि सामुदायिक उपासना यांवरचा विश्वास उडाला आहे, पण आत्मानुभवाचा किंवा एखाद्या परतत्त्वाचा शोध सुटलेला नाही, अशी मनोभूमिका. नास्तिक्य आणि अज्ञेयवाद यांच्याशी तिची गल्लत होते. तेथे वाद ईश्वर आहे की नाही, तो कळू शकतो की नाही, याचा असतो. येथे वाद अधिकाराचा आहे : ईश्वराविषयी बोलायचे कोणी?

मराठीत संज्ञेचीच अडचण आहे. ‘अध्यात्म’ हा शब्द परंपरेच्या आतला (‘स्वभावोऽध्यात्ममुच्यते’, गीता ८.३), तर ‘स्पिरिच्युअल’ हा आज बहुधा परंपरेपासूनचे अंतर दाखवायला वापरतात. ‘धर्म’ या शब्दात कर्तव्य, आचार आणि पंथ हे सगळेच येत असल्याने ‘मी धर्म मानत नाही’ याचा अर्थ ‘कर्मकांड मानत नाही’ येथपासून ‘नीती मानत नाही’ येथपर्यंत ताणता येतो. म्हणून येथे ‘धर्मसंस्था’ हा शब्द घेतला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार हा प्रवाह अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातील अतीतवादी (ट्रान्सेन्डेंटलिस्ट, सत्य अंतःप्रेरणेने कळते असे मानणाऱ्या) विचारवंतांपासून निघतो. राल्फ वॉल्डो एमर्सन यांनी १८३२ मध्ये बॉस्टनच्या चर्चमधील धर्मोपदेशकाचे पद सोडले. प्रभुभोजनाचा (भाकरी आणि द्राक्षारस वाटण्याचा) ख्रिस्ती विधी आपल्याला मनापासून पटत नाही, तो आपण चालवणार नाही, हे त्यांचे कारण होते. त्यांनी ईश्वर नाकारला नव्हता. दुसरे मत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या व्यसनमुक्तीच्या चळवळीकडे बोट दाखवते. १९३९ मध्ये छापलेल्या तिच्या बारा पायऱ्यांत ‘आम्हाला उमगेल तसा ईश्वर’ अशी मुभा आहे. तिसरे मत १९६० नंतरच्या तरुणांच्या बंडाला महत्त्व देते. कल्पना जुनी आणि ‘धार्मिक नव्हे, आध्यात्मिक’ ही बोली व्यसनमुक्तीच्या बैठकांतून रुळलेली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मधील एडिंबरो येथील व्याख्यानांत वैयक्तिक धर्म आणि संस्थात्मक धर्म असा भेद केला. जर्मन धर्मचिंतक एर्न्स्ट ट्रोल्च यांनी १९१२ मध्ये चर्च आणि पंथ यांच्या जोडीला गूढवाद हा तिसरा प्रकार मांडला. हे दोन्ही भेद आजही वापरात आहेत.

मोजणी : अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने दोन स्वतंत्र होय-नाही प्रश्न विचारले : तुम्ही स्वतःला धार्मिक समजता का? आध्यात्मिक समजता का? उत्तरांची सांगड घातली की चार घरे होतात. ‘आध्यात्मिक होय, धार्मिक नाही’ या घरात २०१२ मध्ये १९ टक्के, तर २०१७ मध्ये २७ टक्के प्रौढ होते. २०२३ मध्ये हाच आकडा २२ टक्के आला, पण तेव्हा वर्गीकरणाची पद्धत बदललेली होती. म्हणून त्यावरून घसरण झाली असे म्हणणे चूक ठरेल. २०१७ मध्ये या घरातल्या बहुतेकांनी स्वतःला कोणत्या ना कोणत्या धर्माचे म्हणवले होते. म्हणजे विश्वास गेला तरी नाव मागे राहते. पश्चिम युरोपात चित्र निराळे आहे : १५ देशांच्या पाहणीत (२०१८) या गटाचे मध्यक प्रमाण ११ टक्के, तर दोन्ही नाकारणाऱ्यांचे ५३ टक्के होते.

इंग्लंडमधील केंडल या गावी चर्च आणि योग-ध्यानाचे वर्ग यांची प्रत्यक्ष शिरगणती झाली (अहवाल २००५). एका रविवारी चर्चमध्ये लोकसंख्येच्या ७.९ टक्के लोक आढळले, तर ‘समग्र’ (योग-ध्यानासारख्या) उपक्रमांत आठवड्याला १.६ टक्के. या दुसऱ्या गटात सुमारे ८० टक्के स्त्रिया होत्या. व्यायामासाठी योगवर्गाला येणाऱ्याला आध्यात्मिक का धरावे, ही या गणतीवरची रास्त टीका आहे.

दुरावण्याची प्रक्रिया : समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ एबॉ यांनी १९८८ मध्ये कोणतीही भूमिका सोडण्याचे चार टप्पे सांगितले : पहिल्या शंका, पर्यायांचा शोध, निर्णायक वळण आणि ‘माजी’ म्हणून नवी ओळख. एबॉ स्वतः पूर्वी जोगीण (ख्रिस्ती संन्यासिनी, नन) होत्या. धर्मसंस्थेच्या बाबतीत शेवटचा टप्पा अनेकदा अपुरा राहतो. उपासना सोडता येते, पण जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी काय म्हणायचे, कोणी म्हणायचे, याचा साचा हाताशी नसतो. म्हणून मृत्यूच्या वेळी जुनाच विधी उरकला जातो. दुसरी अडचण सातत्याची. ठरलेली वेळ नाही, सोबत नाही, चुकल्यास विचारणारे कोणी नाही, त्यामुळे एकट्याने धरलेले ध्यान सहज सुटते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये नोंदवलेली शीला (बदललेले नाव) ही परिचारिका या वादात सतत उद्धृत होते. आपल्या श्रद्धेला तिने स्वतःचेच नाव दिले होते, ‘शीलाइझम’. तिच्या मते तो तिच्या आतला बारीकसा आवाज होता. बेला यांना यात व्यक्तिवादाचे टोक दिसले. ही टीका थोडी कठोर वाटते, कारण स्वतःवर प्रेम करावे, स्वतःशी मायेने वागावे आणि एकमेकांची काळजी घ्यावी, एवढेच तिचे म्हणणे होते.

संस्थेविना धर्म मांडण्याचे प्रयत्न पुष्कळदा संस्थेपाशीच येऊन थांबतात. महात्मा फुले यांनी पुरोहिताची मध्यस्थी नाकारून ‘निर्मिक’ मानला आणि त्यासाठी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. जे. कृष्णमूर्ती यांनी ३ ऑगस्ट १९२९ रोजी नेदरलँड्समधील ओमेन येथे, ते ज्याचे प्रमुख होते तो ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ हा संघच विसर्जित केला. पुढे त्यांच्या नावाने प्रतिष्ठाने निघालीच.