पुनर्चक्रित खडीचे काँक्रीट

पाडलेल्या इमारती, पूल आणि रस्ते यांतून निघालेले जुने काँक्रीट फोडून, चाळून व निवडून जी खडी मिळते, ती नैसर्गिक खडीच्या जागी अंशतः किंवा पूर्णपणे वापरून केलेले काँक्रीट. काँक्रीटच्या आकारमानात ६० ते ७५ टक्के वाटा खडी आणि वाळूचाच असतो. त्यामुळे राडारोडा पुन्हा काँक्रीटमध्ये मुरवता आला, तर फोडाव्या लागणाऱ्या टेकड्याही वाचतात आणि भराव टाकून बुजणाऱ्या पाणथळ जागाही.

पडक्या बांधकामाचा चुरा नव्या बांधकामात घालण्याची रीत जुनी आहे. रोमन गवंडी कुटलेली कौले आणि विटा चुन्यात मिसळून हौदांना व स्नानगृहांना पाणी न झिरपणारा गिलावा देत. भारतीय उपखंडातील सुरखी म्हणजे हाच विटांचा भुगा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शहरेच्या शहरे ढिगारा होऊन पडली होती. तेव्हा विटांचा चुरा करून त्याचे काँक्रीट मोठ्या प्रमाणावर घरबांधणीत वापरले गेले. अखंड विटा हातांनी खरवडून साफ करण्याचे काम अनेक ठिकाणी स्त्रियांनी केले. जो ढिगारा वापरात आला नाही, त्याच्या टेकड्या उभ्या राहिल्या. बर्लिनमधील टॉयफेल्सबर्ग ही त्यांतलीच एक.

खडीचा दर्जा क्रशरवर नव्हे, पाडकामाच्या जागेवर ठरतो. इमारत यंत्राने एकदम आडवी केली, की स्लॅब, विटा, लाकूड, काच, फरशा, वायरी आणि छताचे जिप्सम यांचा एकच काला होतो आणि तो नंतर वेगळा करणे फार महाग पडते. म्हणून आधी दारे-खिडक्या, नळ, छत, गिलावा असे थर क्रमाने उतरवून शेवटी नुसता सांगाडा पाडणे, हीच खरी पुनर्चक्रणाची पहिली पायरी आहे. त्यापुढचे काम ठरावीक आहे. मोठे तुकडे जबड्याच्या क्रशरमध्ये फुटतात, लोहचुंबक सळया ओढून घेतो, हवेच्या झोताने किंवा पाण्यावर तरंगवून लाकूड व प्लास्टिक वेगळे होते आणि चाळण्यांवर माल आकारमानाप्रमाणे पडतो. ॲस्बेस्टॉस असलेले पत्रे मात्र पाडकामाआधीच, खबरदारीने काढावे लागतात. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो.

अशा खडीचा एक दाणा हातात घेऊन पाहिला, की या काँक्रीटच्या बहुतेक अडचणी समजतात. आत मूळचा कठीण, गुळगुळीत दगड असतो आणि त्याला जुन्या सिमेंट-वाळूच्या खरबरीत, राखाडी मसाल्याचे कवच चिकटलेले असते. दगडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो टिकून राहतो, कवचावर टाकला तर पाहता पाहता जिरतो. चांगला नैसर्गिक दगड वजनाच्या साधारण अर्धा ते दोन टक्के पाणी पितो, तर ही खडी तीन ते दहा टक्के. कोरडीच मिक्सरमध्ये घातली तर मिश्रणातले पाणी ती ओढून घेते आणि हातात येते ते घट्ट, न पसरणारे काँक्रीट. मग कामावर कोणीतरी वरून पाणी ओततो आणि ताकद जाते. या काँक्रीटची बदनामी बरीचशी अशा ओतलेल्या पाण्यानेच केली आहे. उपाय अवघड नाही: खडी आधी भिजवून ठेवायची किंवा ती किती पाणी पिणार हे मोजून तेवढे हिशेबात धरायचे. खडी-वाळूत आधी निम्मे पाणी घालून घोळवायचे, मग सिमेंट आणि शेवटी उरलेले पाणी घालायचे, अशी दोन टप्प्यांची पद्धतही आहे. तिने कवचातली छिद्रे आणि बारीक भेगा सिमेंटच्या राबडीने भरून निघतात.

जाड खडीपैकी २० ते ३० टक्के बदलली, तर दाबाखालच्या ताकदीत सहसा लक्षणीय फरक पडत नाही. प्रमाण वाढत गेले, की काँक्रीट भाराखाली अधिक दबते आणि वाळताना अधिक आकसते. लांब गाळ्याच्या तुळयांत हे ध्यानात घ्यावेच लागते. म्हणून मानके सावध आहेत. भारताच्या आयएस ३८३ : २०१६ या मानकानुसार साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ श्रेणीपर्यंतच (‘एम’पुढचा आकडा दाबाखालची ताकद दाखवतो) २० टक्के आणि एम १५ पेक्षा कमी श्रेणीच्या कामात १०० टक्क्यांपर्यंत अशी खडी चालते. जपानने वेगळी वाट धरली. तेथे खडीचे तीन वर्ग आहेत. वरच्या वर्गातील जाड खडीचे जलशोषण ३ टक्क्यांच्या आत असावे लागते आणि ती जवळजवळ नैसर्गिक खडीसारखी वापरता येते. त्यासाठी दाणे एकमेकांवर घासून किंवा तापवून कवच उतरवावे लागते, म्हणजे ऊर्जा खर्च होते आणि बारीक भुकटीही भरपूर उरते.

सर्वांत फसवा शत्रू जिप्सम. त्यातील सल्फेटची सिमेंटमधील ॲल्युमिनेटशी अभिक्रिया होऊन एट्रिंजाइट हे फुगणारे संयुग तयार होते आणि ओततेवेळी निर्दोष दिसलेले काँक्रीट काही महिन्यांनी आतून तडकते. समुद्रकाठच्या बांधकामांच्या राडारोड्यातील क्लोराइड सळयांना गंज आणते.

अशी खडी घातली म्हणून काँक्रीट आपोआप ‘हरित’ झाले, हा समज मात्र खोडून काढायला हवा. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडतो. खडी बदलल्याने हा हिशेब जवळपास हलत नाही. उलट ताकद राखण्यासाठी सिमेंट वाढवले किंवा खडी दुरून ट्रकने आणली, तर उत्सर्जन वाढतेच. वाचतो तो दगड, वाचते ती जमीन. या बचतीचे मोल मोठे आहे, पण ती कार्बनची बचत म्हणून खपवू नये.

कार्बनच्या बाजूने आशा आहे ती दगडात नव्हे, त्याच्या कवचात आणि भुकटीत. ताज्या फुटलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी पदार्थाला लागताच गुलाबी होणारे द्रव्य) शिंपडले, की मधला भाग गर्द गुलाबी होतो आणि कडेचा पट्टा रंगहीन राहतो. त्या पट्ट्यातील चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतलेले असते. चुरा केल्यावर आतला गुलाबी भाग उघडा पडतो. त्यावर कारखान्याच्या धुराड्यातला वायू सोडला, तर तो कायमचा बांधला जातो, छिद्रे भरतात आणि खडी कमी पाणी पिऊ लागते. भुकटीचा दुसरा उपयोग केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडला. पोलाद पुन्हा वितळवणाऱ्या विद्युत भट्टीत मळी (वितळलेल्या धातूवर तरंगणारा मळाचा थर) तयार होण्यासाठी चुना घालतात. त्याऐवजी जुन्या काँक्रीटमधील सिमेंटची भुकटी घातली आणि ती मळी झपाट्याने थंड करून दळली, तर नेहमीच्या पोर्टलंड सिमेंटच्या क्लिंकरसारखाच (भट्टीतून निघणाऱ्या, दळल्यावर सिमेंट होणाऱ्या खड्यांसारखा) पदार्थ हाती येतो. नवी चुनखडी त्यासाठी भाजावी लागत नाही. मात्र भुकटीत वाळूचा अंश जास्त राहिला तर सिमेंटची रासायनिक घडण बिघडते, आणि भट्टीची वीज कोळशाची असेल तर बचतीचा मोठा भाग निघून जातो.