दोसान्को कोणता आणि बानएइचा घोडा कोणता?

हिवाळ्यात जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जाऊन आलेली मंडळी एक व्हिडिओ हमखास दाखवतात. नाकातून वाफा सोडत लोखंडी घसरगाडी ओढणारा अवाढव्य घोडा, आणि खाली नाव 'दोसान्को'. तो दोसान्को नव्हे, तो बानएइ नावाच्या ओझं ओढण्याच्या शर्यतीचा घोडा.

गोंधळ शब्दातच आहे. दोसान्को म्हणजे होक्काइदोत जन्मलेलं लेकरू. तिथली माणसंसुद्धा स्वतःला दोसान्कोच म्हणवतात. मग तिथेच जन्मलेल्या शर्यतीच्या घोड्याला ते नाव दिलं तर बिघडलं कुठे? गप्पांमध्ये काहीच नाही. पण जात म्हणून पाहिलं तर दोसान्को खांद्यापाशी जेमतेम १२५ ते १३५ सेंटिमीटर, आपल्याकडे ज्याला सरळ तट्टू म्हणतील असा. जपानच्या आठ देशी जातींमध्ये संख्येने हाच सगळ्यात जास्त.

एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तरेकडची माणसं मासेमारीच्या हंगामाला होक्काइदोत येत, कामाला घोडे आणत, आणि थंडी पडली की त्यांना तिथेच सोडून घरी परतत. मागे राहिलेल्यांनी खुरांनी बर्फ उकरून खालचा बुटका बांबू खायचा. त्यातून जे तगले, त्यांचा हा वंश.

दोसान्कोचं खरं काम पाठीवर ओझं वाहायचं. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरवाटांनी हे घोडे एकामागे एक सामान नेत. एकाच बाजूचा पुढचा-मागचा पाय बरोबरीने टाकायची त्यांची चाल इथे उपयोगी पडते. पाठ उसळत नाही, ओझं ढळत नाही. सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीचा घोडा पाहिलेल्यांना हे चटकन कळेल.

व्हिडिओतला घोडा मात्र होक्काइदोतल्या ओबिहिरो शहरातल्या बानएइ शर्यतीचा, ओझं मागे ओढणारा. जड नांगर आणि लाकडाचे ओंडके ओढायला तट्टू अपुरं पडलं, म्हणून पर्शेरॉन, ब्रेटन, बेल्जियन अशा परदेशी जातींच्या संकरातून तो घडला. वजन हजार किलोच्या आसपास, म्हणजे दोन दोसान्को मिळूनही त्याची बरोबरी होणं कठीण.

शर्यत फक्त २०० मीटरची, पण वाटेत मातीचे दोन उंचवटे. मोठ्या शर्यतीत गाडीचं वजन एक टनापर्यंत जातं. स्वार घोड्याला मुद्दाम थांबवून दम घेऊ देतो. धावण्याच्या शर्यतीत थांबणं बघायला पहिल्यांदा विचित्रच वाटतं. आणि निकाल घोड्याच्या नाकावर लागत नाही, गाडीचं मागचं टोक रेषेपार जावं लागतं. त्यामुळे सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडलेला घोडा तिथेच अडकतो आणि शेजारचा सावकाश पुढे निघून जातो, असंही घडतं.