थाळनेरची फाशी आणि खानदेशातली पडकी तटबंदी : पार्श्वभूमी

खानदेश बघायला निघालेल्यांच्या यादीत पाटणादेवी, तोरणमाळ, पद्मालय, चांगदेव, प्रकाशा ही नावे ठरलेली असतात. थाळनेर क्वचितच दिसते. शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे हे गाव वगळले, तर बाकीच्या खानदेशात किल्ले पडके का आहेत, जिल्ह्यांच्या सीमा अशा का आहेत, घाटाला इंग्रजी नाव कसे पडले, हे नीट कळत नाही. या सगळ्याची सुरुवात 1818 मध्ये झाली.

त्याआधीचे थोडक्यात. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीची. तिथल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचे नाव कोरलेले आहे, कान्हदास. (मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.) चाळीसगावजवळच्या पाटणच्या शके 1128 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला दिलेली दाने नोंदली आहेत. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाला दिल्याचे त्यात लिहिले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याने थाळनेरला बस्तान बसवले, मग बऱ्हाणपूर वसवले आणि असीरगड घेतला. 1601 मध्ये असीरगड मोगलांकडे गेला, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून प्रांताला काही काळ ‘दानदेश’ म्हटले जाऊ लागले. ‘खानदेश’ खानांवरून आले की ‘कान्हदेश’वरून, हा वाद आजही रंगतो. मोगलांना नाव बदलावेसे वाटले त्याअर्थी ‘खान’ हा अर्थ तेव्हा तरी लोकांच्या तोंडी होता, एवढे त्यावरून निघते. त्याआधीचे नाव काय होते, ते त्यावरून ठरत नाही.

आता थाळनेर. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. त्यात थाळनेर होते. फेब्रुवारीच्या अखेरीस इंग्रज फौज तापीकाठी आली आणि तिने किल्ला मागितला. आतून गोळीबार झाला. फौजेने तोफा लावल्या. दुपारनंतर किल्लेदाराने बोलणी सुरू केली आणि दिंडीतून (मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून) बाहेर येऊन तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. फौज एकामागून एक दरवाजे ओलांडत आत गेली, पण शेवटच्या दरवाजाशी बहुतांश अरब असलेल्या शिबंदीशी (किल्ल्यातल्या फौजेशी) झटापट झाली. एकमेकांची भाषा न कळणारे दोन सशस्त्र जमाव अरुंद दिंडीत समोरासमोर आले होते. दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर सुमारे 300 जणांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि त्याच संध्याकाळी किल्लेदाराला तटावर फाशी दिली.

इंग्रज सेनापतीचे म्हणणे असे की, तह झाल्यावर लढणारा किल्लेदार शत्रू ठरत नाही, बंडखोर ठरतो. शिवाय पुढच्या किल्ल्यांना जरब बसायला हवी होती. हे म्हणणे दोन ठिकाणी लंगडे पडते. एक, दरवाजाशी झटापट झाली तेव्हा किल्लेदार आधीच इंग्रजांच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथल्या रक्तपाताचा जाब त्याला विचारता येत नव्हता. दोन, पहिल्या गोळीबारासाठी शिक्षा द्यायची, तर रीतसर चौकशी हवी होती. ती झाली नाही. 1819 मध्ये ब्रिटिश संसदेत सैन्याच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा काही सभासदांनी हेच विचारले आणि आभारांतून हे प्रकरण बाजूला ठेवावे लागले. गावात मात्र या किल्लेदाराची आठवण सांगणारा साधा फलक केव्हाच लागायला हवा होता.

जरब बसली की नाही, हे मालेगावने दाखवून दिले. तिथल्या अरब शिबंदीने त्याच उन्हाळ्यात इंग्रजांना कडवी झुंज दिली. पुढे डोंगरी किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवणे हे नव्या अंमलाचे धोरणच झाले. भिल्लांचा प्रतिकार मोडण्यासाठी 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. ती उभारणाऱ्या अधिकाऱ्याच्याच नावाने चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट ओळखला जातो.

सीमा त्यानंतर बदलत गेल्या. मालेगाव, बागलाण 1869 मध्ये नव्या नाशिक जिल्ह्याकडे गेले. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1960 मध्ये त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार वेगळा झाला. बऱ्हाणपूर आणि असीरगड मध्य प्रांतात गेले, आज मध्य प्रदेशात आहेत. फारुकींचा अर्धा इतिहास असा दुसऱ्या राज्यात राहिला. वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत तापीला मिळते, पण अजिंठा निजामाच्या हद्दीत होता म्हणून त्याला कोणी खानदेशात धरत नाही. जिल्हावार माहितीपत्रकांत ही ठिकाणे तुटक येतात ती यामुळे. त्यापेक्षा नदी धरून फिरावे.

थाळनेरला धुळ्याहून जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर आधी सोनगीर लागते. किल्ल्याची वाट गावातूनच चढते आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचे कारागीर त्याच गावात आहेत. लळिंगचा किल्ला मात्र उलट्या बाजूला, धुळ्याच्या दक्षिणेला सुमारे 10 किलोमीटरवर, त्याच महामार्गाला लागून आहे. दोन्ही किल्ले एका सकाळी होतात, पण मार्चनंतर दहाच्या आत खाली उतरावे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि तटावर सावली नसते. टाक्यांतले पाणी पिऊ नये. तोरणमाळला शहाद्याहून निघताना इंधन भरून घ्यावे. वर सातपायरी घाटाची वळणे आहेत आणि पावसाळ्यात दाट धुके असते. चांगदेवचे मंदिर तापी-पूर्णा संगमावर आहे. तिथला आजचा विस्तीर्ण जलाशय हतनूर धरणाच्या फुगवट्याचा. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात, महाशिवरात्रीला मात्र यात्रेची गर्दी असते. शांतपणे कोरीवकाम बघायचे असेल तर तो आठवडा टाळावा.

थाळनेरला किल्ल्याचे आता फारसे काही उरलेले नाही. नदीकाठचा उंचवटा आणि तटाचे तुकडे दिसतात. पावसाळ्यात कडेची माती सुटते, म्हणून टोकावर उभे राहू नये. फारुकींच्या कबरी मात्र आवर्जून पाहाव्यात. त्यांतल्या अष्टकोनी कबरीच्या भिंतींवरचे नक्षीकाम तिरप्या उन्हात, दुपारी चारनंतर, सर्वांत स्पष्ट दिसते.