चार मण्यांची माळ आणि तुरीचं वरण

परवा वणीजवळच्या आमच्या गावात काकाजींनी मोबाइल पुढे केला. फुफ्फुसं ‘नव्यानं घडवणारी’ रशियन पेप्टाइड कॅप्सूल! “घेऊ काय रे बापू?” त्यांची कित्येक वर्षं जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत गेली, घरी चूल पऱ्हाट्यांवर पेटते. आता विहिरीपर्यंत जातानाही धाप लागते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या मण्यांची, छोटी माळ. सेंट पीटर्सबर्गचे संशोधक व्लादिमिर खाविन्सन यांनी अवयवागणिक वेगळ्या माळा सुचवल्या. श्वासनलिकांसाठीच्या ‘ब्रॉन्कोजेन’मध्ये, म्हणजे काकाजींच्या त्या कॅप्सूलमध्ये, चारच मणी आहेत: अ‍ॅलानिन, ग्लुटामिक आम्ल, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ल्युसिन. ही माळ डीएनएला चिकटून जनुकं जागी करते, असा दावा आहे.

पण गिळलेली माळ तिथवर पोचणार कशी? हे चारही मणी आपल्या तुरीच्या वरणातही आहेत. प्रथिनांच्या लांब माळा जठरात पेप्सिन हे विकर तोडतं, पुढे आतड्यात ट्रिप्सिन. लहान आतड्याच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखी झालर असते. तिच्यावरची विकरं उरलेले तुकडे छाटतात. त्याच झालरीत ‘पेप्ट-१’ नावाचं दार आहे. मला ते विलक्षण वाटतं. बाहेर हायड्रोजन आयन जास्त, आत कमी. आयन उताराकडे धावतो आणि जाताना पेप्टाइडला ओढून आत नेतो. मात्र या दारातून दोन किंवा तीन मण्यांचेच तुकडे जातात, चार मण्यांची माळ मावत नाही. आत गेलेले तुकडेही पेशीत पुन्हा फोडले जातात आणि रक्तात उतरतात ते बहुतांशी सुटे मणी. ते कॅप्सूलमधले की वरणातले, हे यकृताला कळायला मार्ग नाही. ५१ मण्यांचं इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते याचमुळे.

नायट्रोजन डायऑक्साइडनं फुफ्फुसं बिघडवलेल्या उंदरांवर ब्रॉन्कोजेनचे प्रयोग झालेत. माणसांवरच्या मोठ्या, स्वतंत्र चाचण्या नाहीत. कोजागिरीच्या खिरीतून मिळणाऱ्या दम्याच्या औषधाइतकाच भरवसा मी या कॅप्सूलवर ठेवीन.

आणि जे खरंच उपयोगी पडतं, त्या इन्हेलरला लोक भितात: “सवय लागते!” सवय लागत नाही. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांचं औषध! फवाऱ्यातलं औषध श्वासासोबत थेट नलिकांवर उतरतं, म्हणून एवढंसं पुरतं.

सोमवारी काकाजींना स्पायरोमेट्रीसाठी, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजण्याच्या चाचणीसाठी, यवतमाळला नेतोय. चूल काकूंनी कालच अंगणात मांडली.