कबुतराला घाम येत नाही

मे महिन्यातली मालवणची दुपार. आमच्या शेजारच्या आबांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे. खाली उतरलेला एक होमर, म्हणजे लांबून सोडलं तरी घरी परतणाऱ्या जातीचं कबुतर, कौलाच्या कडेवर बसलाय. चोच उघडी, गळ्याची कातडी थरथरतेय, पंख अंगापासून किंचित सुटे. आबा पाण्याचं परळ पुढे सरकवतात. तो चोच बुडवतो आणि मान वर न करता सरळ पाणी ओढून घेतो. कोंबडीसारखं घोट घेऊन आभाळाकडे बघणं कबुतराला लागत नाही. "ऊन काय करणा नाय रे, गदगदता तेचो तरास," आबा म्हणतात.

म्हणजे ऊन काही करत नाही, त्रास होतो तो दमट उकाड्याचा. आबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो.

साडेतीनशे ग्रॅमचं कबुतर गप्प बसलेलं असताना जेमतेम दोन वॅट ऊर्जा खर्च करतं. पंख मारत वेगाने उडताना तोच आकडा तीसच्या आसपास जातो. त्यातला पाचवा हिस्सा पंख हलवण्याच्या कामी येतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे मुठीएवढ्या पाखरात चोवीस-पंचवीस वॅटची शेगडी पेटलेली. अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश, आणि पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. धापा टाकून, गळा थरथरवून आणि कातडीतून झिरपणारं पाणी उडवून ही उष्णता घालवायची. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी नेतं. सगळी उष्णता याच वाटेने काढायची म्हटली, तर तासाला ३५ ग्रॅमच्या वर पाणी लागेल. अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा, दर तासाला! चरबी जळताना शरीरात पाणी तयार होतं खरं, ग्रॅमला ग्रॅमभर. पण तासाला ते तीन ग्रॅमच्या आसपासच. हे गणित जुळणारं नाही.

म्हणून उडणारं कबुतर मुख्य भिस्त ठेवतं वाऱ्यावर. अंगापेक्षा हवा थंड असेल तर वेगाने अंगावरून जाणारी हवा उष्णता ओढून नेते. पिसं नसलेले लाल पाय तर चक्क रेडिएटरचं काम करतात. तापलेलं पाखरू उडताना ते पोटाच्या पिसांत न लपवता खाली लोंबकळत सोडतं. कोकणात ३३ अंशाला हा मार्ग उघडा असतो, विदर्भातल्या ४४ अंशाला बंद. गदगदण्याचा त्रास होतो तो उतरल्यावर. वारा थांबतो, आणि दमट हवेत अंगावरचं पाणी उडता उडत नाही. नागपूरच्या कोरड्या हवेत ते बरंच लवकर उडतं.

आता जातींकडे येऊ. सगळ्या पाळीव जाती पारव्याच्याच, किल्ल्याच्या तटबंदीत घुमणाऱ्या त्याच पारव्याच्या. माणसाने निवड करून करून त्यांना इतकं वेगळं केलं की डार्विनलाही मोह आवरला नाही. त्याने स्वतः कबुतरं पाळली. होमर म्हणजे छातीच्या स्नायूंचा गठ्ठा. ताशी साठ-सत्तर किलोमीटरने सरळ घराकडे. त्याची शेगडी सर्वांत मोठी, पण वेगामुळे वाराही भरपूर. त्याची पंचाईत होते ती हवाच अंगाएवढी तापली की.

गिरेबाज, म्हणजे उंच घिरट्या घालणारी जात, याच्या उलट. हलकं अंग, मोठे पंख, कुठे पोचायची घाई नाही. वाऱ्यावर तरंगत, मधूनच पंख मारत ते कमी खर्चात राहतं. म्हणजे ते उष्णता जास्त सोसतं असं नाही, ते मुळात कमी निर्माण करतं. शिवाय दुपारी दर शंभर मीटर चढलं की हवा पाऊण ते एक अंशाने उतरते, आणि हे पाखरू डोळ्यांना ठिपका दिसेल इतकं वर जातं. इंग्लंडमधल्या टिपलर जातीची कबुतरं वीस तासांहून जास्त वेळ न उतरता उडाल्याच्या नोंदी आहेत. अर्थात तिकडचा उन्हाळा आपल्याला थंडीच वाटेल.

पंख्यासारखी शेपटी पसरणाऱ्या लक्क्याबद्दल काय बोलावं! शेपटीत बाराच्या जागी तीस-चाळीस पिसं. तो उन्हात दमतो की नाही हा प्रश्न येतच नाही, उडायला लागण्याआधीच तो उतरलेला असतो.

रंगाबद्दल मात्र कबुतरवाल्यांशी माझं जमत नाही. पांढरं पाखरू उन्हात टिकतं, ही त्यांची पक्की समजूत. १९७८ साली अमेरिकेत काळ्या आणि पांढऱ्या कबुतरांच्या पिसाऱ्यांवर प्रयोग झाले. काळ्या पिसांत ऊन वरच्या थरातच शोषलं जातं, पांढऱ्यांत ते आत कातडीपर्यंत झिरपतं. वारा जोरात असला आणि पिसं फुलवलेली असली, तर वरची उष्णता वाराच घेऊन जातो, आणि काळा पिसाराच कमी तापतो. आबांना हे सांगितलं तर ते नुसते हसले.

आबा मे महिन्याला फारसे भीत नाहीत. त्यांना भीती मार्चची. एरवी दुपार चढायच्या आधी समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि पारा थोपवून धरतात. पण मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडून, घाटावरून तापलेली हवा येते, खारे वारे अडून बसतात आणि किनाऱ्यावरसुद्धा ३८-३९ अंश होतात. अंग आणि हवा यांतलं अंतर तीन-चार अंशांवर येतं, म्हणजे होमरचा वाऱ्याचा मार्ग जवळपास मिटला. अशा दिवशी अकरा वाजता आबा गच्चीवर जाऊन समोरच्या माडाकडे बघतात. झावळ्या अजून समुद्राकडेच कललेल्या असल्या, तर ढाबळीचं दार उघडत नाही.