सिमल्यातल्या जुन्या, छोट्या हॉटेलात राहायचंय? बुकिंगआधी हे वाचा

सिमल्याला जाणाऱ्या मंडळींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटाला कुफरी, घोडा, बर्फात फोटो आणि रात्री पाठ टेकायला स्वच्छ खोली एवढं पुरतं. त्यांनी शहराबाहेर हमरस्त्याला लागून असलेली, लिफ्ट आणि पार्किंगवाली नवी हॉटेलं बघावीत. ती कुठल्याही अ‍ॅपवर मिळतात, त्यासाठी आमची गरज नाही. हे पत्रक दुसऱ्या गटासाठी आहे. मॉलच्या, म्हणजे वरच्या अंगाला असलेल्या बाजाररस्त्याच्या, वर-खाली एखाद्या जुन्या बंगल्यात सात-आठ खोल्यांचं हॉटेल असावं, लाकडी जिना असावा, उतरतं छप्पर असावं, सकाळी मालक स्वतः चहाला काय हवं ते विचारायला यावेत, अशी ज्यांची हौस आहे, त्यांच्यासाठी.

असे मुक्काम ठरवून देणं हाच आमचा छोटासा व्यवसाय. परत आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या, तर हॉटेलच वाईट निघालं असं फार क्वचित असतं. हॉटेल छान असतं, पण वाट्याला आलेली खोली चुकीची असते, किंवा गाडीपासून त्या खोलीपर्यंतची वाट घरातल्या एखाद्याला झेपणारी नसते. नव्या हॉटेलात सगळ्या खोल्या सारख्याच. जुन्या बंगल्यात दोन खोल्याही एकसारख्या नसतात. म्हणून इथे नाव बघून हॉटेल ठरवू नका, खोली ठरवा.

गाडी कुठे थांबणार, हा पहिला प्रश्न

सिमला डोंगराच्या धारेवर वसलंय आणि उतारावर थरांनी पसरलंय. वर रिज (मोकळं पटांगण) आणि मॉल, त्याखाली लोअर बाजार, त्याच्याही खाली कार्ट रोड. गाड्या धावतात त्या कार्ट रोडवर. मॉलवर खासगी गाड्यांना मनाई आहे, आणि शहराला जी काही मजा आहे ती त्यामुळेच. पण याचा अर्थ असा, की चंदीगडहून आणलेली टॅक्सी तुम्हाला कार्ट रोडला सोडणार आणि पुढचा चढ आपला आपण.

वर जायला पर्यटन विकास महामंडळाची लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांची आहे; मधे थोडं चालावं लागतं. तिकीट काढून जायचं, आणि हंगामात रांग मोठी असते. लिफ्ट मॉलवर आणून सोडते, हॉटेलच्या दारात नव्हे. दुसरा मार्ग लोअर बाजारातून पायऱ्यांचा. सामानासाठी हमाल मिळतात. दोन-तीन बॅगा एकावर एक रचून, दोरीने आवळून, ते सगळं ओझं पाठीवर घेऊन ही माणसं अशा चालीने चढतात, की रिकाम्या हाताने मागे पडायला होतं. दर आधी ठरवून घ्या आणि घासाघीस बेताने करा. चाकांच्या मोठ्या बॅगेचा इथे काही उपयोग नाही. पायऱ्यांवर ती उचलावीच लागते. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन मध्यम बॅगा आणा.

हॉटेलवाले ‘मॉलपासून पाच मिनिटं’ असं सांगतात. ते खोटं नसतं. फक्त ती पाच मिनिटं त्यांच्या पायांची असतात. विचारायचं ते असं: मॉलच्या वर की खाली? पायऱ्या साधारण किती? मधे कठडा आहे का? रात्री दिवे असतात का? घरात गुडघ्याचं दुखणं असेल तर आम्ही मॉलच्याच पातळीवरचं हॉटेल सुचवतो, दर थोडा जास्त पडला तरी. आजी-आजोबा एकदा वर चढले की दिवसभर खाली उतरायचं नाव काढत नाहीत, आणि मग सहलीची सगळी आखणीच बदलते.

खोली कशी निवडायची

आधी दिशा बघा. सिमल्याची मुख्य धार साधारण पूर्व-पश्चिम आहे. उत्तरेच्या उतारावरून हिमशिखरं दिसतात, दक्षिणेच्या उतारावर ऊन येतं. दोन्ही एकाच खोलीत मिळणं कठीण. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या खोलीत दिवसभर उन्हाची तिरीपसुद्धा शिरत नाही. फरशीला पाय लावला की दचकायला होतं. तेव्हा थंडीत जाणार असाल तर ऊन घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणार असाल तर शिखरं घ्या. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, त्या दिवसांत शिखरं सर्वांत स्वच्छ दिसतात. मे-जूनमध्ये हवेत धुरकटपणा असतो, त्यामुळे ‘स्नो व्ह्यू’च्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मग मजला. आपल्याकडे तळमजला म्हणजे जिना नाही, असा हिशेब असतो. सिमल्यात रस्ता बऱ्याचदा इमारतीच्या वरच्या अंगाला असतो. दारातून आत शिरलात की तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असता आणि खोली दोन जिने खाली. खालच्या खोल्यांची मागची भिंत डोंगराला टेकलेली असेल तर तिथे ओल असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर गाद्यांना कुबट वास येतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांना आम्ही त्या खोल्या देतच नाही.

माळ्यावरच्या खोल्या फोटोत सर्वांत देखण्या दिसतात. तिरकं लाकडी छत, छोटी खिडकी, खिडकीत देवदार. लहान मुलांना तर तिथून बाहेर काढावं लागतं. पण उंच माणसाचं डोकं दिवसातून दोनदा तरी आपटतं. वर पत्रा असतो, त्यामुळे पाऊस ताशासारखा वाजतो, आणि पहाटे माकडांची टोळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेली की गजर लावायची गरज उरत नाही. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी विचार करावा.

आवाजाचं आणखी एक कारण आहे. इथल्या कितीतरी जुन्या इमारती धज्जी पद्धतीच्या आहेत. लाकडाची चौकट उभारून तिच्या कप्प्यांत दगड-मातीची भर घालतात आणि वरून गिलावा करतात. भूकंपात अशा भिंती लवचीकपणे हलतात, म्हणून डोंगरात ती पद्धत रुजली. पण खोल्यांमधले आडोसे बऱ्याच ठिकाणी नुसत्या फळ्यांचे असतात. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं, आणि वरच्या मजल्यावर कुणी चाललं की फळी कुरकुरते. हे आम्ही आधीच सांगतो. नंतर त्याबद्दल पैसे परत मागू नयेत.

गरम पाणी, हिटर आणि वीज

गिझर किती लिटरचा आहे ते विचारा. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये बादलीने अंघोळ करणाऱ्या एका माणसाचं नीट भागतं. दुसऱ्याला थांबावं लागतं. चौघांचं कुटुंब एका खोलीत असेल तर निम्म्यांनी रात्रीच अंघोळ उरकावी. मे-जूनमध्ये पाण्याचा ताण असतो. 2018 च्या उन्हाळ्यात शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता, ती बातमी आपल्या पेपरांतही झळकली होती. हॉटेलची स्वतःची टाकी केवढी आहे, हा प्रश्न उन्हाळ्यात आम्ही हमखास विचारतो.

खोल्या गरम ठेवायची सोय इमारतीत नसते. हिटर वेगळा मागवावा लागतो आणि त्याचे बहुतेक ठिकाणी रोजचे पैसे लागतात. वायरिंग जुनं असतं. हिटर, गिझर आणि किटली एकाच वेळी लावलीत तर फ्यूज उडतो आणि मजलाभर अंधार. जनरेटर असला तरी त्यावर दिवे चालतात, हिटर-गिझर नाही. वीज गेलीच तर रजाई आणि गरम पाण्याची पिशवी एवढाच आधार. पिशवी घरूनच न्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. थंडी कितीही असो, दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही. कुणी प्रेमाने आणून दिली तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत माणूस जातो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर झरोका उघडा आहे ना, ते स्वतः बघा. झरोक्याला कागद चिकटवलेला दिसला तर खोली बदलून मागा. आम्हाला मध्यरात्री फोन केलात तरी चालेल.

कधी जावं

आमचं मत स्पष्ट आहे: सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. दिवाळीच्या सुट्टीत बसतं, हवा कोरडी, गर्दी बेताची. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे आपल्या शाळांची सुट्टी आणि उत्तरेतल्या उकाड्यातून पळालेले लोक, दोन्ही एकदम. छोटी हॉटेलं फेब्रुवारी-मार्चमध्येच भरतात. एप्रिलमध्ये फोन केलात तर उरल्यासुरल्या, डोंगराला टेकलेल्या खोल्या मिळतील.

जुलै-ऑगस्टमध्ये दर उतरतात, देवदारांत धुकं असतं, मोह होतो. तरी आम्ही नको म्हणतो. ऑगस्ट 2023 मध्ये सिमल्यातल्याच समर हिल भागात दरड कोसळून माणसं गेली आणि रेल्वेचे रूळ हवेत लोंबकळत राहिले. रस्ता दोन दिवस बंद पडला तर विमानाचं तिकीट वाया जातं, ते वेगळंच.

बर्फासाठी लोक नाताळ पकडतात. जानेवारी-फेब्रुवारीत शक्यता जास्त असते, आणि हॉटेलांचे दरही वर्षअखेरीपेक्षा बरे असतात. बर्फाची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही. बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर त्याचा काचेसारखा थर होतो. खोल खाचांच्या तळव्याचे बूट नसतील तर बाहेर पडू नका.

कसं पोचावं

चंदीगडपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून रस्त्याने साधारण 115 किलोमीटर. चार तास धरून चाला. किंवा काल्काहून छोटी गाडी: 96 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, शंभरावर बोगदे. 1903 साली सुरू झालेला हा मार्ग 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पाच तासांहून जास्त लागतात. वाटेत बडोगचं स्टेशन लागतं. एक किलोमीटरहून लांब असलेला, या मार्गावरचा सर्वांत मोठा बोगदा तिथेच आहे.

आम्ही सुचवतो ते असं: जाताना रेल्वे, येताना टॅक्सी. सकाळच्या गाडीने निघालं की दुपारी, खोल्या ताब्यात मिळायच्या वेळेला, तुम्ही वर असता. उतरताना मात्र छोटी गाडी रखडली तर पुढची गाडी चुकते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांतलं भराभर संपतं, म्हणून हॉटेलआधी तारीख पक्की करा.

जेवणाचं काय

दरपत्रकावर ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं दिसतील. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपीमध्ये नाश्ता, एमएपीमध्ये नाश्ता आणि एक जेवण, एपीमध्ये तिन्ही त्रिकाळ. सीपी घ्या. एमएपी घेतलंत की रोज संध्याकाळी ठरल्या वेळी परत यायचं बंधन येतं, आणि मॉलवर फिरायची खरी वेळ तीच. मात्र ज्या दिवशी हॉटेलात जेवायचं असेल त्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा. छोट्या हॉटेलात स्वयंपाकी एकच असतो. रात्री साडेनऊला ऑर्डर दिलीत तर तो घरी गेलेला असेल. कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा.

सिड्डू मिळाला तर सोडू नका: गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा, आत खसखस किंवा अक्रोडाचं सारण भरलेला, वाफवलेला. वर तूप सढळ हाताने. कॉफीसाठी मॉलवरचं जुनं इंडियन कॉफी हाउस आहे.

बघायचं काय, हे तुम्हाला आमच्याकडून कळायला नको. एवढंच सांगतो, की 1888 चं व्हाइसरीगल लॉज, म्हणजे आजची उच्च अध्ययन संस्था, घाईत उरकू नका, अर्धा दिवस ठेवा. आणि जाखूच्या हनुमान मंदिराकडे जाताना चष्मा खिशात, माकडं तो हिसकावतात.

पैसे आणि कागदपत्रं

दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे आम्ही पावतीवर लिहून देतो. जादा गादी, हिटर आणि नाताळच्या रात्रीचं सक्तीचं जेवण या तीन गोष्टींचे पैसे बिलात मागाहून निघतात. ते आम्ही आधीच विचारून ठेवतो.

प्रत्येक प्रौढ माणसाचं पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, हॉटेलला त्यांची नोंद परदेशी पाहुण्यांसाठीच्या सरकारी फॉर्मवर (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) करावी लागते. काही छोटी हॉटेलं ही कटकट नको म्हणून दारातून परत पाठवतात. त्यामुळे मुलगी-जावई अमेरिकेतून येणार असतील तर पहिल्या फोनमध्येच सांगा.

त्या फोनमध्ये आणखी काही गोष्टी सांगितल्यात तर बरं: सगळ्यांची वयं, जिने कुणाला झेपत नाहीत, रात्री कोण किती वेळा उठतं, बरोबर किती बॅगा आहेत, ऊन हवं की शिखरं. बजेट मोकळेपणाने सांगा. त्यात बसत नसेल तर तसं आम्हीही सांगू. मालकांशी बोलून दोन दिवसांत खोलीचा क्रमांक, मजला, पायऱ्यांचा अंदाज आणि खोलीचे साधे, मोबाइलवर काढलेले फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतील. जाहिरातीतले फोटो आम्ही पाठवत नाही. मोबाइलवरचे साधे फोटो बघून मग आगाऊ रक्कम भरा.